कव्हरखालची धूळ

रात्री जेवणं आटोपली की मोबाइलची टॉर्च घेऊन खाली पार्किंगमध्ये जा आणि आपल्या गाडीच्या बॉनेटवर उजेड पाडा. गाडी काळी, निळी किंवा गडद राखाडी असेल, तर उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तसे बारीक गोल चरे दिसतील. टॉर्च सरकवली की जाळंही तिच्यामागे सरकतं. तेव्हा कुणी गोल गोल हात फिरवून चरे पाडले, असं समजू नका. चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले जे त्या ठिपक्याभोवतीच्या वर्तुळाच्या अंगाने जातात, तेवढेच चमकतात आणि बाकीचे लपून राहतात. पांढऱ्या गाडीवरही चरे असतातच, पण पांढरा रंग ते पोटात घालतो.

पहिला संशय शेजारच्या मुलांच्या सायकलींवर जातो आणि दुसरा मांजरावर. खरे गुन्हेगार मात्र घरचेच असतात. एक म्हणजे गाडी पुसायचं ओलं फडकं. सोसायटीत पहाटे येणारा मुलगा एका बादलीत आठ-दहा गाड्या उरकतो, आणि पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीच्या टपावर फिरते. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत त्याने दर गाडीला नवं पाणी आणावं, ही अपेक्षा आपणच ठेवू नये. दुसरा गुन्हेगार म्हणजे गाडीला चरे पडू नयेत म्हणून आपण हौसेने विकत आणलेलं कव्हर.

कव्हर गाडी कशी खराब करतं, ते समजायला आधी रंगाकडे पाहू. आजच्या गाडीचा रंग म्हणजे पत्र्यावर एकावर एक बसवलेले चार थर. तळाशी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा थर. त्याला गॅरेजवाले ‘क्लिअर’ म्हणतात. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी जास्त. त्यात क्लिअरचा वाटा ४० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनचा धरला, तर शोरूममधून गाडी आणताना ज्या चकाकीवर आपण भाळतो ती जेमतेम अर्ध्या-पाऊण केसाएवढी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमिअर पद्मिनी बनत होती, तेव्हा तिच्यावर हा वरचा थर नसे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा आणि ते कुणाला वावगंही वाटत नसे. आता फडक्याला रंग लागत नाही, म्हणून काहीच घासलं जात नाही असा आपला समज होतो. प्रत्यक्षात चरे काढायला मशीनने कंपाउंड मारलं की दर खेपेला क्लिअरचे दोन-चार मायक्रॉन जातात. हा हिशेब फार वेळा करता येत नाही.

हा क्लिअर म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. त्याच्यापुढे उभी असते आपली धूळ. कोणता पदार्थ कोणत्या पदार्थावर चरा पाडतो याची एक ते दहा अशी उतरंड फ्रीडरिश मोज या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडली. तीत शंखजिरं सर्वांत खाली आहे आणि हिरा सर्वांत वर. काच साडेपाचच्या आसपास येते. किनाऱ्यावरच्या वाळूतलं क्वार्ट्झ सातवर आहे. पुण्या-नाशकाकडे सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्यातली मुख्य खनिजं पाच-सहाच्या घरात बसतात. हाच दगड फोडून बांधकामाची क्रश सँड तयार होते आणि तिची भुकटी शेजारच्या प्लॉटवरून आपल्या गाडीवर येऊन बसते. जी धूळ काचेवरही ओरखडा काढू शकते, तिच्यापुढे चाळीस मायक्रॉन प्लास्टिकचा काय टिकाव लागणार?

म्हणून कव्हर घेताना बहुतेकजण जो प्रश्न विचारतात, ‘कापड मऊ आहे ना?’, तो अर्धाच प्रश्न आहे. पॉलिश पेपरचा कागदही मऊच असतो, त्याला लावलेली वाळू काम करते. धुळीने भरलेल्या गाडीवर मखमलीचं कव्हर घातलं तरी त्या मखमलीचा पॉलिश पेपर होतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. गडद निळी गाडी नवी होती आणि तिच्यावर माझा जीव होता. मे महिन्यात तीन आठवडे गावी जायचं होतं. गाडी सोसायटीत उघड्यावर राहणार आणि शेजारी इमारतीचं काम चालू. एका दुकानातून चंदेरी कव्हर आणलं आणि निघायच्या गडबडीत आठवडाभराची धूळ अंगावर असलेल्या गाडीवर तसंच चढवलं. कव्हर एक माप मोठं होतं. दुकानदार म्हणाला होता, ‘साहेब, सैल असलेलं बरं, घालायला सोपं जातं.’ मधल्या काळात वळवाच्या पावसाआधीचे वादळी वारे दोन-तीनदा येऊन गेले. परत आलो, कव्हर काढलं, तर पुढच्या बंपरचे दोन्ही कोपरे, आरशांच्या कडा आणि टपाच्या दोन्ही बाजूच्या धारा दुधाळ झालेल्या. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायचं, पण चकाकी गेलेली. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो. त्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, “कव्हर घातलं होतं ना? नसतं घातलं तर निदान धुऊन तरी निघालं असतं.”

त्याचं बरोबर होतं. उघड्या गाडीवर धूळ बसते आणि पडून राहते. पडून राहिलेली धूळ चरा पाडत नाही. चरा पडायला दाब लागतो आणि हालचाल लागते. सैल कव्हर वाऱ्याने फुगतं, आपटतं, पुन्हा फुगतं. गाडीचे जे भाग बाहेर आलेले असतात तिथेच प्रत्येक वेळी घासतं. तीन आठवड्यांत हा घासा किती हजार वेळा बसला असेल, त्याची मोजदाद नको.

आता कव्हर कोणतं घ्यावं याकडे वळू. पुण्याच्या नाना पेठेत किंवा ऑनलाइन बाजारात फिरलं की पहिल्यांदा समोर येतं ते चंदेरी टॅफेटा. हे पॉलिएस्टरचं पातळ विणलेलं कापड असतं, बहुधा १९० टी असं लिहिलेलं. हा आकडा एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत ते सांगतो, कव्हर किती मऊ आहे ते नाही. वरच्या चंदेरी मुलाम्याने ऊन परतवलं जातं हे खरं, पण स्वस्त कव्हरचा मुलामा एक-दोन उन्हाळ्यांत सुटतो आणि घडी घालताना हाताला चमचमती भुकटी लागते. ती भुकटी आतल्या बाजूला गेली की आणखी एक धूळ तयार. अशा कव्हरला आतून अस्तर नसेल तर ते रोजच्या वापरासाठी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

दुसरा प्रकार न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या थरांचा. दिसायला जाड कागदासारखा, राखाडी. यातल्या बऱ्यापैकी कव्हरांना आतून कापसासारखं मऊ अस्तर असतं. ‘तीन थर’, ‘पाच थर’ अशी जाहिरात चालते, पण अंगाला लागतो तो एकच थर, आतला. बाकीचे आकडे ऐकून घ्यावेत आणि सोडून द्यावेत. बंद गॅरेजात किंवा बेसमेंटला गाडी उभी राहत असेल, तर सुती फ्लॅनेल किंवा ताणलं जाणारं लायक्राचं कव्हर उत्तम. पण ते उघड्यावर वापरलं की पहिल्या पावसात चिंब गोधडी होते. आणि ताडपत्री किंवा नुसतं प्लास्टिक? ते विटांच्या ढिगाऱ्यावर शोभतं.

मऊपणा तपासायची एक घरगुती रीत आहे. बोटांवर फार विसंबू नये, आपली बोटं रोजच्या कामाने राठ झालेली असतात. गाणी ऐकायला आणलेली एखादी जुनी सीडी घरात कुठेतरी पडलेली असेलच. तिची चकाकणारी बाजू पॉलिकार्बोनेटची असते आणि तीवर चरे फार लवकर पडतात. सीडी कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्या, कव्हरचं अस्तर बोटाला गुंडाळा आणि हलक्या हाताने सरळ रेषेत वीस-पंचवीस वेळा घासा. मग उजेडात तिरकी धरून पाहा. अस्तर चांगलं असेल तर काही दिसणार नाही. आता हीच परीक्षा शिवणीची घ्या. इथे बहुतेक कव्हरं नापास होतात. अस्तर मऊ असतं, पण दोन तुकडे जोडणारी शिवण आतल्या बाजूने उघडी असते, कडक नायलॉनच्या धाग्याची, आणि नेमकी टपाच्या मधोमध किंवा बॉनेटवरून गेलेली. कंपनीच्या नावाचं छोटं कडक लेबल आत शिवलेलं असतं, तेही सीडीवर घासून पाहा. लेबल उसवून टाकता येतं. शिवण उसवता येत नाही, म्हणून ती झाकून शिवलेली आहे की नाही ते विकत घेण्याआधीच बघायचं. खालच्या पट्ट्याला लोखंडी हूक असेल तर तेही कव्हर नको. वाऱ्यात हूक सुटला की तो दारावर आपटत राहतो. प्लास्टिकचं बक्कल हवं.

यानंतर पाणी. दुकानदाराच्या तोंडी ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द इतक्या सहजपणे येतो की गिऱ्हाईकाला तोच मोठा गुण वाटतो. पण पाणी अजिबात आत न जाऊ देणारं कव्हर आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. जमिनीतून ओल वर येते, रात्री पत्रा गार पडला की हवेतलं बाष्प त्यावर जमतं, आणि दिवसा ऊन चढलं की आत वाफेची कोंडी होते. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की झाकणाला आतून थेंब धरतात, तसंच. अशा ओलीत गाडी आठवडे राहिली की क्लिअरवर पांढुरके डाग उमटतात, रंगाखाली बारीक फोड येऊ शकतात, आणि दगड उडून जिथे टवका गेलेला असतो तिथून गंज सुरू होतो. आत सीटचे पट्टे आणि स्टिअरिंग यांवर बुरशी धरते ती वेगळीच.

श्वास घेणारं कव्हर म्हणजे वाफ जाऊ देणारं, पण थेंब अडवणारं. हे अशक्य वाटतं, पण वाफेचे रेणू सुटे असतात आणि थेंबात तेच कोट्यवधींनी एकमेकांना धरून बसतात, त्यामुळे पुरेशा बारीक छिद्रांतून रेणू निसटतात आणि थेंब वर राहतो. याचीही परीक्षा स्वयंपाकघरात होते. फुलपात्रात कडकडीत पाणी घ्या, त्यावर कव्हरचा कोपरा ताणून धरा आणि वर गार स्टीलची ताटली पालथी घाला. मिनिटाभराने ताटलीला आतून दव धरलं असेल तर कापड श्वास घेतं. कोरडी राहिली तर घेत नाही. मग त्याच कोपऱ्यावर चमचाभर पाणी सोडा आणि दहा मिनिटांनी खालून हात लावून पाहा. दोन्ही परीक्षांत शंभर टक्के गुण मिळवणारं कव्हर स्वस्तात मिळत नाही. दोन्हींतलं एकच मिळणार असेल, तर मी वाफ जाऊ देणारं घेईन. पावसाच्या पाण्याने गाडी खराब होत नाही, ती पावसात चालवायलाच बनवलेली आहे.

मुंबईत जून ते सप्टेंबर सांताक्रूझला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत कव्हर घालायचंच कशाला, असा माझा साधा प्रश्न आहे. कव्हर कधी वाळतच नाही, आणि आठवडाभर ओला टॉवेल अंगावर घेऊन बसल्यासारखी गाडी बसून राहते. झाडाखाली गाडी लावावी लागत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही उघडीप मिळाली की कव्हर काढून दोन तास गाडी मोकळी सोडावी.

समुद्राकाठी एक जादा भानगड असते. रत्नागिरीला, वेंगुर्ल्याला किंवा पणजीला खारी हवा गाडीवर मिठाचा पुसट थर सोडते. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते यामुळेच. कव्हरखालची हवा दमट असते, त्यामुळे तिथे हे खारं पाणी सुकतच नाही. किनाऱ्यावर गाडी झाकायची असेल तर आधी साध्या पाण्याने नीट धुऊन, चाकांच्या वरच्या कमानींत पाणी मारून आणि पूर्ण वाळवून मगच झाकावी.

ज्यांची गाडी झाडाखाली उभी असते त्यांनी मात्र कव्हर टाळू नये. पक्ष्यांच्या विष्ठेतलं युरिक ॲसिड आणि भर उन्हात सत्तर अंशांच्या आसपास तापलेला गडद पत्रा यांची गाठ पडली की क्लिअर नरम होतो. संध्याकाळी गार होताना तो त्या वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत आकाराला धरूनच घट्ट होतो. नंतर कितीही पुसा, डागाचा नकाशा राहतो. झाडावर मावा किंवा तुडतुडे असले तर खाली चिकट गोडसर तुषार गळतात, त्यावर धूळ चिकटते, मग काळी बुरशी धरते. शिवाय जांभळाच्या झाडाखाली जूनमध्ये गाडी लावणाऱ्याला काही समजावून सांगायची गरज नसते. या सगळ्यासमोर चांगलं कव्हर म्हणजे वरदान आहे. पण कव्हरवर पडलेली विष्ठाही धुवायची असते, हे लोक विसरतात आणि तेच कव्हर बोचक्यासारखं गुंडाळून डिकीत कोंबतात.

या बोचक्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कव्हरची बाहेरची बाजू धूळ, विष्ठा, पराग सगळं झेलते. बोचकं केलं की ती बाजू आतल्या अस्तराला भिडते, आणि दुसऱ्या दिवशी तेच अस्तर गाडीवर. म्हणून काढताना एकच नियम पाळावा : बाहेरची बाजू आतल्या बाजूला कधी लागू द्यायची नाही. आधी पट्टा सोडून कव्हर दोन्ही आरशांवरून उचलून घ्यायचं. मग डावीकडची कड उचलून टपाच्या मध्यापर्यंत आणायची, उजवीकडची तशीच, म्हणजे गाडीच्या लांबीवर साडीच्या घडीसारखा एक रुंद पट्टा उरतो. त्यात मळकी बाजू मळक्या बाजूवर येते आणि अस्तर बाहेर राहतं. आता मागून पुढे चटईसारखी गुंडाळी करत यायचं. घालताना हीच गुंडाळी बॉनेटवर ठेवून मागे उलगडायची आणि कडा खाली सोडायच्या. दोघं असले तर दोन मिनिटांचं काम. माझी बायको डाव्या बाजूला उभी असते, आणि कव्हर जमिनीला लागलं की तिकडून ‘अहो, टेकलं!’ अशी हाक येते. जमिनीला टेकलेली कड फडक्याने झटकून मगच वर घ्यायची. एकट्याने, एका कोपऱ्यापासून ओढत ओढत कव्हर चढवणं म्हणजे पुन्हा तोच पॉलिश पेपर. पुढची बाजू ओळखू यावी म्हणून आतून पांढऱ्या धाग्याचे दोन टाके घालून ठेवा, नाहीतर अर्धं चढवल्यावर कळतं की आरशांचे खिसे डिकीकडे आलेत.

माप आपल्याच मॉडेलचं घ्यायचं. ‘हॅचबॅक’, ‘सेडान’ असल्या ढोबळ मापाचं नको. आरशांना खिसे, टपावर अँटेना असेल तर तिला जागा, पुढे-मागे इलास्टिक आणि पोटाखालून बांधायचा पट्टा हवा. वाऱ्याच्या ठिकाणी हा पट्टा बांधायचा आळस केलात, तर बाकी सगळी मेहनत फुकट.

गाडी चालवून आल्यावर लगेच कव्हर घालू नये, सायलेन्सरला चिकटून पॉलिएस्टर वितळतं. दिवाळीत तर कव्हरवर भिस्त ठेवूच नये. फुलबाजीची एक ठिणगी कापडाला भोक पाडते आणि वितळलेला थेंब थेट रंगावर बसतो. त्या चार रात्री गाडी दुसरीकडे लावलेली बरी. आणखी एक : अपघातानंतर गाडीला नवा रंग मारून आणला असेल तर महिनाभर तरी झाकू नका. नव्या रंगातला द्रावक अजून उडत असतो, त्याला वाट हवी.

कव्हर धुवायचं ते सौम्य साबणाने, आतून-बाहेरून, आणि दोरीवर सावलीत वाळवायचं. कपड्यांना मऊ करणारं कंडिशनर नको, त्याने कापडाची पाणी झटकायची ताकद जाते. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा धुतलं तरी पुष्कळ.

आता ज्यांची गाडी रोज ऑफिसला जाते त्यांच्याविषयी. रोज संध्याकाळी धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घालून सकाळी काढणाऱ्याची गाडी वर्षभरात चऱ्यांनी भरते, हे मी आमच्याच सोसायटीत तीन गाड्यांवर टॉर्च मारून पाहिलंय. त्यांनी कव्हर घेऊच नये. त्या पैशांत दोन बादल्या, चार मायक्रोफायबरची फडकी आणि एक शांपूची बाटली येते. एका बादलीत शांपूचं पाणी आणि दुसरीत साधं, फडकं पिळून धुवायला. आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्यायची, मग हात लावायचा. कव्हर त्याने घ्यावं ज्याची गाडी आठवड्यातून एकदाच निघते, महिनोन्महिने उभी राहते किंवा पिंपळाखाली असते. आणि घेतलं तरी ते धुतलेल्या, वाळलेल्या, गार गाडीवरच.

तेव्हा दुकानात जाताना खिशात एक जुनी सीडी टाकून जा. दुकानदार हसला तर हसू द्या. शिवण घासून पाहू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.